साडेचार किलोची नजर

चाळिशी उलटली की माणसाला एक तरी व्याधी जडते म्हणतात. मला एकाच वर्षी दोन जडल्या. एक साखर आणि दुसरी कॅमेरा. पहिलीचे निदान डॉक्टरांनी केले, दुसरीचे सौभाग्यवतीने. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी पाऊण तास चाला." आता नागपूरसारख्या गावात, जिथे कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जायलाही माणूस गाडी काढतो, तिथे नुसत्या चालणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. "गाडी विकली का भाऊ?" अशी चौकशी होते. चालायला काहीतरी कारण हवे. कोणी कुत्रा पाळतो. आमच्या घरमालकांना कुत्रा चालत नाही, म्हणून मी कॅमेरा पाळला. त्याला खायला कुत्र्यापेक्षा जास्त लागते हे पुढे कळले.

पाळल्यावर त्याची जात सांगणे आले. "कोणत्या प्रकारचे फोटो काढता?" असे एका जाणकाराने पहिल्याच आठवड्यात विचारले. मी म्हणालो, "सकाळी सहा ते पावणेसात, धंतोली ते कॉटन मार्केट." तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे स्ट्रीट." डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फिरण्याला इतके भारदस्त नाव असेल याची मला कल्पना नव्हती.

मी बी. कॉम. कोणताही धंदा सुरू करण्याआधी भांडवल किती लागते ते पाहावे, एवढे एकच वाक्य त्या तीन वर्षांतले माझ्या लक्षात राहिले आहे. म्हणून रस्त्यावर रोज फोटो काढणारी थोर माणसे पिशवीत काय काय बाळगतात, याचा मी अभ्यास सुरू केला. मोबाइलवर शोधले तर जगातल्या यच्चयावत छायाचित्रकारांनी आपापल्या पिशव्या उपड्या करून दाखवलेल्या! लाकडी टेबल. मधोमध कॅमेरा. डाव्या हाताला लेन्सांची उतरंड. उजव्या हाताला बॅटऱ्या, कार्डे, काच पुसायचे फडके, धूळ उडवायची रबरी पिचकारी, चामड्याचे पाकीट, शाईचे पेन, आणि कशासाठी ते देव जाणे, कॉफीचा एक भरलेला कप. हे पाहून मला दुसरेतिसरे काही आठवले नाही, रुखवत आठवले. तशीच मांडामांड, तसाच कौतुकाचा सूर, आणि यातले काहीही पुढे संसारात वापरले जाणार नाही ही तशीच खात्री.

असली शे-दीडशे रुखवते पाहून झाल्यावर मला त्यांच्यातले वाङ्मयीन दोष दिसू लागले. समीक्षा करण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. बावीस वर्षे मी दुसऱ्यांची व्हाउचरे तपासतो आहे. दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत मी रात्री नऊपर्यंत बसलेलो आहे. समीक्षेला याहून वेगळे काय लागते?

तर पहिला दोष असा की, रस्त्यावरच्या छायाचित्रणाविषयीच्या या साऱ्या साहित्यात रस्ता कुठेच नसतो. टेबल असते. दुसरा दोष, नायकाला पेच नेहमी एकच: ३५ की ५०? अजाण वाचकासाठी सांगतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये माणूस आणि त्याचे दुकान दोन्ही येतात. ५० मध्ये माणूस येतो, दुकान अर्धे राहते. २८ मध्ये शेजारचे दुकान आणि त्या दोघांचे भांडणही येते. एवढी साधी गोष्ट. पण त्यावर लोकांनी मैत्र्या मोडल्या आहेत. काही कंपन्यांनी तर लेन्स बदलताच येणार नाही असे कॅमेरे काढले. रिको जीआर हा खिशात मावणारा, त्याला २८ च्या मापाची लेन्स कायमची डकवलेली. फुजीची एक्स-हंड्रेड मालिका २०११ साली निघाली, तिला ३५ च्या मापाची. झूम नाही, बदल नाही. आणि ते नसल्याबद्दल पैसे मात्र जास्त! उपासाचे ताट जेवणाच्या ताटापेक्षा महाग असते, त्यातलाच हा प्रकार. पण ही माणसे सुखी दिसतात हे कबूल करायला हवे. एकदाच लग्न झालेल्या माणसासारखा त्यांचा प्रश्नच मिटलेला असतो.

तिसरा दोष सर्वांत मोठा. चाळीस मिनिटे सामानाचे वर्णन झाल्यावर शेवटच्या मिनिटाला तो गृहस्थ कॅमेऱ्याकडे पाठ करून म्हणतो, "मित्रांनो, शेवटी सामानाला महत्त्व नाही. नजर महत्त्वाची." पोटभर जेवून हात धुतल्यावर अन्न हे पूर्णब्रह्म नव्हे असे सांगण्यापैकी हे आहे. नजर महत्त्वाची तर ती टेबलावर का नाही मांडली?

दोष दिसत होते, तरी परिणाम व्हायचा तो झालाच. साबणाची जाहिरात खोटी आहे हे कळत असूनही आपण तोच साबण आणतो. माझ्या पिशवीत सुरुवातीला एक कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली एक लेन्स होती. मग लांबचे जवळ दिसावे म्हणून मुसळाएवढी लेन्स आली. मग आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा थोर फ्रेंच छायाचित्रकार बव्हंशी ५० मिलिमीटरवरच भागवत असे, असे वाचले आणि ५० ची आली. अंधारासाठी फ्लॅश, थरथरत्या हातासाठी ट्रायपॉड, धुळीसाठी पिचकारी. दमटपणासाठी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, 'खाऊ नये' असे लिहिलेल्या पुड्या. बँकेची सणाची उचल संपली आणि कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज सुरू झाले.

त्यातली ५० ची गंमत ऐका. ब्रेसाँच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. माझ्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जो तुकडा आहे तो रुंदीने त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. त्यामुळे ५० ची लेन्स माझ्याकडे आली की ७५ सारखी वागते. हुद्दा ५० चा आणि रुबाब ७५ चा. आमच्या शाखेत असे दोन-तीन जण आहेत. अशा लेन्सचा स्वभाव म्हणजे माणूस चौकटीत मावत नाही. आपल्यालाच मागे सरावे लागते. जूनमधल्या एका सकाळी कॉटन मार्केटात मी असाच डोळ्याला कॅमेरा लावून मागे सरत सरत गेलो आणि बटाट्याच्या पोत्यावर बसलो.

"बसा भाऊ, बसलेच हाये तं बसा," असा आवाज आला. सत्तरीचे आजोबा होते. पांढरी टोपी, गळ्यात मफलर. जूनमध्ये! समोर कांदे, बटाटे, एका टोपलीत सांभार. त्यांनी चहा मागवला आणि विचारले, "काय करून राहिले?"

"फोटो काढतोय."

"कायचा?"

"असाच. लोकांचा, बाजाराचा."

"माहाही काढला?"

काढला होता. मफलर बांधताना, कांदा फेकताना, चहाच्या वाफेतून. मी मान हलवली. त्यावर आजोबांनी जो प्रश्न विचारला तो मी पाहिलेल्या शे-दीडशे रुखवतांत कोणीही, कोणालाही विचारलेला नव्हता. ते म्हणाले, "मंग आमाले कधी भेटन?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणालो. काउंटरवर बसून बसून अशी उत्तरे तोंडातून आपोआप येतात.

त्यांचा विश्वास बसला. त्यांनी माझी पिशवी उचलून पाहिली, कपाळाला आठी घातली आणि सरळ काट्यावर ठेवली. लाल आकडे उमटले. "साडेचार किलो! येवढ्यात तं एका घरचा आठ दिवसाचा भाजीपाला होते, भाऊ. येवढं कायले घेऊन फिरता?" मग त्यांनी मफलर काढला, सदऱ्याचे वरचे बटण लावले, टोपी नीट केली, एक हात काट्यावर ठेवला आणि ताठ उभे राहून म्हणाले, "आता काढा."

आता हे आमच्या शास्त्रात बसत नाही. माणसाला कळता कामा नये आणि फोटो निघाला पाहिजे, ही या पंथाची पहिली दीक्षा. स्वतःहून उभा राहिलेला माणूस म्हणजे आमच्या दृष्टीने बाद नोट. पण चहा प्यायलो होतो. मी भिडेखातर एक बटण दाबले, फोटो मनातल्या मनात रद्द केला, आणि ते पुन्हा कामाला लागल्यावर खरे फोटो काढायला सुरुवात केली.

घरी येऊन पिशवीला कपाटात जागा करताना मागे वडिलांचा कॅमेरा सापडला. आग्फा क्लिक थ्री. त्यात १२० ची फिल्म बसे आणि एका रोलमध्ये बारा फोटो निघत. उजेडाचे प्रकार दोनच: ऊन आणि ढग. वडील टपाल खात्यात होते. त्यांचा एक रोल गणपतीत सुरू होई आणि होळीला संपे. बारापैकी एकही वाया जाऊ नये म्हणून ते आम्हांला इतका वेळ ताटकळत उभे करीत की आमच्या लहानपणच्या प्रत्येक फोटोत आम्ही नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखे दिसतो. कॅमेऱ्याच्या चामडी खोळीत एक वही होती. चार रकाने: क्रमांक, कोणाचा, कुठे, प्रत दिली. 'क्र. ७. अमरावतीची आत्या. अंगणात. प्रत दिली.' 'क्र. ८. दूधवाला व त्याची म्हैस. फाटकापाशी. प्रत दिली.' पानेच्या पाने अशी. चौथा रकाना कुठेही रिकामा नाही.

मी म्हशीपाशी थबकलो. दूधवाल्याला म्हशीसकट प्रत पोचली होती. मी त्या दिवसापर्यंत अकरा हजार फोटो काढले होते आणि माझा चौथा रकाना, छापायचाच राहिल्यामुळे, पूर्ण रिकामा होता.

आम्हां कॉमर्सवाल्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात: घेणारा नावे, देणारा जमा. फोटो आपण 'काढतो' म्हणतो खरे, पण रस्त्यावर तो आपण घेतो. चेहरा त्याचा, घाम त्याचा, सकाळ त्याची. म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक फोटो हे विनातारण कर्ज आहे आणि कर्जदार आपण आहोत. नव्वद दिवस थकले की बँक खाते अनुत्पादक ठरवते. या हिशेबाने माझे सगळे खातेच बुडीत होते.

हा विचार अर्थातच अडचणीचा होता. अशा वेळी सुशिक्षित माणूस जे करतो तेच मी केले. इतिहास वाचायला घेतला.

कॅमेरा परदेशातून मागवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी लंडनहून २१ गिन्यांचा चलच्चित्राचा कॅमेरा मागवला. हे पेशाने छायाचित्रकार. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी तो टेबलावर मांडला नाही. १८९९ साली हँगिंग गार्डनवर दोन पैलवानांची कुस्ती लावून ती टिपली. फिल्म धुवायला परत लंडनला! आपण मोबाइलवर फोटो उघडायला दोन सेकंद लागले तर चिडतो.

कार्तिए-ब्रेसाँ १९४७ साली भारतात आला. हातात लायका, लेन्स ५० ची, फ्लॅशचा तिटकारा. कॅमेऱ्याचे चमकणारे भाग तो काळ्या पट्टीने झाकून टाकी. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला आणि त्यानंतर काही वेळातच गांधीजींची हत्या झाली. पुढचे ते सुन्न दिवस आणि ती अंत्ययात्रा त्याने टिपली. त्या गर्दीत या माणसापाशी पिचकारी नव्हती. १९५२ साली त्याचे जे पुस्तक निघाले त्याचे इंग्रजी नाव मोठे तत्त्वज्ञानी आहे, 'द डिसायसिव्ह मोमेंट', निर्णायक क्षण. ते ऐकूनच छाती दडपते. पण मूळ फ्रेंच नाव आहे 'इमाज आ ला सोव्हेत'. परवाना नसलेला फेरीवाला, पोलीस दिसताच गाठोडे उचलून पळता यावे अशा बेताने माल मांडतो ना, त्या तऱ्हेला फ्रेंच लोक 'आ ला सोव्हेत' म्हणतात. वाचले आणि मला सीताबर्डी आठवली. महापालिकेची गाडी येताच चादरीची चार टोके धरून गल्लीत शिरणारे आमचे फेरीवाले! जगातला एवढा मोठा छायाचित्रकार स्वतःला त्यांच्या रांगेत बसवतो, आणि आम्ही साडेचार किलोची पिशवी घेऊन त्याच फेरीवाल्यांचे फोटो काढायला जातो. साडेचार किलो घेऊन पळता येत नाही हे एक, आणि पळायची गरज पडावी असे आपण काही करतो आहोत हे आम्हांला कबूल नसते हे दुसरे.

सामानाचे महत्त्व नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ते नजरेला नसेल, पण मानेला आहे. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, साडी नेसून, सायकलवर सामान घेऊन दिल्लीभर हिंडत. पुढे त्यांच्या मोटारीचा क्रमांक डीएलडी १३ आला, म्हणून 'डालडा १३' हे नाव पडले. त्यांच्याकडे रोलिफ्लेक्स असे. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून आत पाहायचे असते. म्हणजे समोर पंतप्रधान असोत की शिपाई, फोटो काढणाऱ्याची मान आपोआप खाली झुकते. आमच्यासारख्यांचा कॅमेरा डोळ्याला लावला की तोंड झाकते आणि पुढे नळी रोखलेली दिसते. मोबाइलवाला तर फोटो काढतोय की बिल भरतोय तेच समजत नाही. एकाच माणसाला एकजण नमस्कार करतो, एकजण नेम धरतो आणि एकजण त्याच्याकडे बघतच नाही. फोटोंत फरक पडणार नाही तर काय होईल?

आणि आपल्याकडचीच उदाहरणे घ्या. संदेश भंडारे यांचे 'तमाशा: एक रांगडी गंमत' पाहा, किंवा २०१६ साली पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांनी टिपलेले मुंबईचे सफाई कामगार पाहा. या चित्रांवरून लेन्स कोणती हे मला ओळखता येत नाही. पण फोटो काढणारा तिथे पुन्हा पुन्हा गेला होता एवढे साध्या कारकुनालाही कळते. समोरची माणसे पाहुण्याकडे बघावे तशी बघत नाहीत, घरच्याकडे बघावे तशी बघतात. हे कुठल्याही पिशवीत मिळत नाही. त्याला भाडे लागते, बसचे.

आता तुम्ही म्हणाल, ब्रेसाँने कुठे दिल्या रस्त्यावरच्या माणसांना प्रती? खरे आहे. पण थोरांचे कर्ज इतिहास माफ करतो. कारकुनाचे कोणी करत नाही.

एवढे सगळे कळूनही मी प्रत द्यायला गेलो का? नाही गेलो. आधी पावसाळा होता. मग मारबत आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. शंभराहून जास्त वर्षांची रीत. सोबत महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची टर उडवणारे बडगे. साऱ्या गावाची ईडापिडा घेऊन जा, असे ओरडत लोक त्यांना इतवारीतून मिरवतात आणि शेवटी जाळतात. देशभरातले कॅमेरे त्या दिवशी इथे जमतात. मी पूर्ण पिशवीनिशी गेलो. काळी मारबत समोर आली तेव्हा मुसळ लावलेले होते, त्यात तिच्या नाकाची फक्त एक नाकपुडी आली. लेन्स बदलेपर्यंत ती वळणावर गेली होती आणि पिवळी येईपर्यंत पाऊस आला होता. त्या दिवशीचा माझा सर्वांत स्पष्ट फोटो एका छायाचित्रकाराचा आहे. तो माझा फोटो काढतो आहे. गर्दीत खांद्याचा पट्टा तुटायला आला तेव्हा माझ्याही तोंडून निघून गेले, "ही पिशवीपण घेऊन जा गे बाई!"

मग हिवाळ्यात एका हौशी मंडळाचे प्रदर्शन होते. मी आजोबांचा एक फोटो पाठवला. कृष्णधवल. चेहरा नाही, फक्त काट्यावरचा सुरकुतलेला हात, त्यावर तिरपे ऊन, मागे अंधार. नाव दिले 'हँड ऑफ टाइम'. मराठी नाव दिले असते तर बक्षीस मिळाले नसते. उत्तेजनार्थ मिळाले. परीक्षक म्हणाले, "चेहरा टाळून तुम्ही माणूस दाखवलात." मला स्वतःविषयी जे वाटायचे ते प्रथमच दुसऱ्या कोणी बोलून दाखवले. आनंदाच्या भरात मला आजोबा आठवले. बक्षीस लागल्यावर कर्ज आठवते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. 'पुढचा रविवार' सहा महिन्यांनी उगवला. कॉटन मार्केटात त्याच जागी तोच काटा होता, मागे पस्तिशीचा एक माणूस होता.

"आजोबा?"

"बाबा वारले. दिवाळीच्या आधी." मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहत तो म्हणाला, "तुमी ते फोटोवाले भाऊ का? बाबा लय दिवस सांगे. येतीन म्हने, रविवारी येतीन."

कॅशमध्ये तूट आली की कसे होते, तसे झाले. आकडे तेच, पण पायाखालची फरशी हलते. काहीतरी बोलायचे म्हणून मी मोबाइल काढून बक्षीसपात्र फोटो दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला. बोटाने मोठा केला, लहान केला. म्हणाला, "हात बाबाचाच व्हय. पन चेहरा कुठी हाय?"

बावीस वर्षांत माझ्या कामावर इतका नेमका शेरा कोणत्याही ऑडिटरने मारलेला नाही.

घरी लावायला त्यांच्याकडे आधार कार्डावरचा फोटो होता. तो मोठा करून आणला तर बाबा ओळखू येईनात, आई म्हणते हा कोण दुसराच माणूस आणला, असे त्याने सांगितले. मी घरी धावलो. कार्डात आजोबांचे ६१ फोटो होते. वाफेतले, पाठमोरे, कांद्याआडचे, उजेड-सावलीचे. साठ वेळा मी चेहरा कौशल्याने टाळलेला! आणि त्यात तो एक. बटण लावलेला, टोपी नीट केलेला, काट्यावर हात ठेवून, एकसष्टातला एकमेव फोटो जो मी काढला नव्हता, त्यांनी काढवला होता. मी त्याच्यावर 'रद्द' अशी खूण केली होती. पुसला नव्हता तो केवळ आळसाने. आळसाबद्दल मी देवाचे आभार आयुष्यात एकदाच मानले आहेत.

फोटो मोठा करायला टाकला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, "मागची पोती काढून निळं आभाळ टाकून देऊ का?" मी मुलाला फोन करून विचारले. तो म्हणाला, "नाही नाही, पोते राहू द्या. बाबा थेच तं बसे." समीक्षा समीक्षा म्हणतात ती हीच असावी.

पुढच्याच रविवारी, खऱ्याखुऱ्या पुढच्या रविवारी, मी चौकट नेऊन दिली. त्याच्या आईने ती पदराने पुसली आणि काट्यामागच्या भिंतीला टेकवून ठेवली. त्या फोटोत कलात्मक असे काही नाही. पण आजोबा तिथून सरळ माझ्याकडे पाहत होते आणि मला मान खाली घालावी लागली. रोलिफ्लेक्स नसतानाही.

आता माझी रोजची पिशवी सांगतो, म्हणजे या लेखाचेही रुखवत पूर्ण होईल. मुसळ, ५० ची लेन्स, फ्लॅश आणि ट्रायपॉड मी विकले. घसारा असा बसला की पुस्तकात शिकवतात ती टक्केवारी फारच सौम्य वाटली. उरला तो पहिला कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली लेन्स. पाऊण किलोच्या आत. एका कप्प्यात चार पाकिटे, आत प्रती, वर जागा लिहिलेली: 'बर्डी, चप्पलवाला', 'गोकुळपेठ, लिंबूवाली'. आणि चार रकान्यांची वही. अकरा हजारांची थकबाकी या जन्मी फिटायची नाही, पण हप्ता सुरू आहे. चालणे मात्र वाढले. प्रत द्यायला गेलेल्या माणसाला चहा प्यावा लागतो, एवढी एक अडचण आहे. 'बिनसाखरेचा' हा शब्द बाजारात कोणी ऐकून घेत नाही.

चौकट दिली त्या दिवशी मुलाने पैसे विचारले. मी घेतले नाहीत. तो म्हणाला, "असं कसं भाऊ?" आणि माझी रिकामी झालेली पिशवी ओढून तिच्यात कांदे भरू लागला. मी नको नको म्हणत राहिलो. भरून झाल्यावर त्याने सवयीने ती काट्यावर ठेवली.

लाल आकडे उमटले. साडेचार किलो.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा काहीतरी कामाचं आणलंत."